कालची चौकट

चौकोनराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथेच राहिलं. पाणीखात्याच्या नकाशाघरात चौतीस वर्षं त्यांनी नकाशे गिरवले. साहेबांनी आखलेल्या पाइपलाइनी पारदर्शक कागदावर शाईने उतरवायच्या, एवढंच काम. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे गप्पा हाणत, पत्ते कुटत. हे मात्र चौकटीचा कागद पुढ्यात घेऊन त्यातली घरं पेन्सिलीने काळी करत बसत. कोणीतरी एकदा 'काय चौकोनराव' म्हणालं आणि ते नाव असं चिकटलं की निवृत्तीच्या दिवशी भाषण करणारे साहेबसुद्धा तेच बोलून गेले, आणि मग अर्धा मिनिट हातातल्या कागदावर खरं नाव शोधत राहिले.

त्यांच्या बायकोला सगळे शिवणकाकू म्हणत. घरातल्या खिडकीपाशी मशीन, मशीनवर शाळेच्या गणवेशांचा ढीग, आणि तोंडात दोन टाचण्या धरून बोलायची सवय. माणूस दारात उभा राहिला की नुसत्या नजरेने त्याचं माप सांगायच्या. वर्षभर अंगाला टेप लावला नाही तरी पोराची बाही किती वाढवायची ते त्यांना बरोबर कळायचं. शिक्षण सातवीपर्यंत. चौकोनराव स्वतःला घरातले हुशार समजत, आणि काकू त्यांना तसं समजू देत.

आता तो खेळ काय होता ते सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नियम चौकोनरावांचा नव्हता, तरुणपणी कुठल्याशा जुन्या मासिकात वाचलेला. सहा बाय सहाची चौकट. प्रत्येक घर एकतर भरलेलं, नाहीतर रिकामं. प्रत्येक घराला आठ शेजारी, चार बाजूंचे आणि चार कोपऱ्यांचे; काठाबाहेर सगळं रिकामं धरायचं. भरलेल्या घराला दोन किंवा तीन भरलेले शेजारी असले तर ते उद्याही भरलेलं राहतं. त्याहून कमी असले तर एकटं पडून रिकामं होतं, जास्त असले तर गर्दीने रिकामं होतं. आणि रिकाम्या घराला बरोबर तीन भरलेले शेजारी असले तर ते उद्या भरतं. बस्स. हा नियम सगळ्या घरांना एकदम लावायचा, की उद्याची चौकट तयार. तिच्यावरून परवाची. नक्षी आपोआप बदलत जाते, कधी पसरते, कधी विरून जाते, कधी दोन रूपांत नुसती डोलत बसते.

लग्नाच्या पहिल्या वर्षी चौकोनरावांनी हे बायकोला समजावून सांगितलं होतं. कापडावर खडूने चौकट आखून त्यावर काळी बटणं मांडून दाखवली होती. काकूंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरोबरच आहे की. माणसाला दोन-तीन शेजारी हवेतच. पण त्याहून जास्त झाले की जीव जातो." चौकोनराव हसले, आणि त्याच संध्याकाळी त्यांना कळलं की या बाईला खेळ आपल्यापेक्षा चांगला समजलाय.

आजच्या चौकटीवरून उद्याची काढायला अक्कल लागत नाही, नुसतं मोजत जायचं. खरी गंमत उलटी. आजची चौकट हातात आहे. काल कशी होती ते सांगा. इथे भल्याभल्यांची दमछाक होते. समजा आज चार बटणांचा एक चौकोन आहे. काल काय असेल? कालही तोच असेल, कारण असा चौकोन जागचा हलत नाही. पण काल तीनच बटणं कोन करून बसलेली असतील तरी आज हाच चौकोन होतो. एकाच आजला कितीतरी काल असू शकतात. म्हणून कोडं घालणाऱ्याची खरी कसोटी ही, की काल एकच निघाला पाहिजे. चौकोनराव खाली एक आकडा देत, काल एकूण किती घरं भरलेली होती त्याचा, आणि बाकी चौकट अशी रचत की उत्तर एकच यावं. हे कोडं 'कालची चौकट' या नावाने एका वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर बावीस वर्षं येत होतं.

आणि ते पक्कं आहे की नाही हे ठरवायच्या शिवणकाकू.

दर बुधवारी संध्याकाळी मशीन बंद झालं की चौकोनराव आजची चौकट आणि खालचा आकडा लिहिलेला कागद टेबलावर ठेवत. उत्तर आपल्या खिशात. मग त्यांनी त्या खोलीत थांबायचं नाही, हा काकूंचा दंडक. "तुम्ही उभे राहिलात की तुमच्या भुवयांवरूनच कळतं मला, मग तपासणी कसली?" काकू कोपऱ्यापासून सुरुवात करत, कारण कोपऱ्यातल्या घराला तीनच शेजारी असतात, तिथे फारशी लपवाछपवी चालत नाही. बटणं मांडत, उचलत, पुन्हा मांडत. आतल्या खोलीत चौकोनराव येरझाऱ्या घालत, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यागत. मग हाक यायची. "सुटलं" अशी आली तर कोडं पक्कं. "दोन आहेत" अशी आली तर कोडं बाद, म्हणजे काकूंना वेगळाच काल सापडला आहे आणि तोही बसतो आहे. त्या आपलं उत्तर कागदावर भरून देत आणि चहा टाकायला उठत.

पहिली तीन वर्षं चौकोनराव त्या 'दोन आहेत'ची पडताळणी करत. दर वेळी काकू बरोबर निघत. एकदा तर त्यांनी हट्टाला पेटून दोन दिवस वाद घातला, जेवतानासुद्धा बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांना आपलीच मोजण्यातली चूक सापडली. मान खाली घालून ते मशीनपाशी गेले आणि म्हणाले, "आजपासून तुझा शब्द शेवटचा. पुन्हा तपासणार नाही." काकूंनी टाचण्या तोंडातून न काढताच मान हलवली. हे वचन चौकोनरावांनी अठरा-एकोणीस वर्षं अक्षरशः पाळलं. काकूंनी 'दोन आहेत' म्हटलं की कागदावर तारीख टाकायची, तो जाड फायलीत लावायचा आणि नवं कोडं रचायला घ्यायचं. चारचौघांत ते अभिमानाने सांगत, "आमच्याकडे वरचं कोर्ट स्वयंपाकघरात बसतं."

माणसाने बायकोवर विश्वास ठेवावा, यात वाईट काय? काहीच नाही. मीही आधी तेच म्हटलं होतं. पण विश्वासाच्या नावाखाली आळसही पोसला जातो आणि अभिमानही, आणि चौकोनरावांच्या बाबतीत या तिन्हींतलं कोणतं किती होतं हे मला अजून नीट ठरवता आलेलं नाही.

निवृत्तीनंतर चारेक वर्षांनी ते 'दोन आहेत' वाढायला लागले. आधी महिना-दोन महिन्यांतून एखादं येई, ते महिन्याला दोन झाले, मग जवळजवळ दर बुधवारी. चौकोनराव चकितच झाले. ते आणखी घट्ट कोडी रचू लागले, एकेका कोड्याला चार-चार दिवस द्यायला लागले. तरी हाक तीच. वर्तमानपत्राच्या पानवाल्या बाई फोन करून म्हणाल्या, "काका, या महिन्यात दोनदा जुनीच कोडी आलीत तुमची. एका वाचकाचं पत्र आलंय." चौकोनराव खुशीत म्हणाले, "काय करू बाई, माझं नवीन एकही टिकत नाही. हिची नजर इतकी बारीक झालीय, मी काय रचतो आणि ती काय शोधून काढते! म्हातारपणी बुद्धी तल्लख होते म्हणतात ते खोटं नाही." असं कोणी म्हणत नाही. पण त्यांना तसं वाटत होतं, आणि ते सुखात होते.

याच दिवसांत शिवणकाकूंनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. गिऱ्हाइकाने परत आणून दिला तेव्हा घरात हसून पुरेवाट झाली. एकदा एकच पँट दोनदा आखूड केली. चहात साखर दोनदा पडू लागली, आणि चौकोनराव म्हणाले, "गोड झालीयस म्हातारपणी." एका संध्याकाळी काकू बटणं हातात घेऊन बसून राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तो रिकाम्या घराचा नियम काय होता, परत सांगा बघू." चौकोनरावांना ती थट्टा वाटली. ज्या बाईने नियमाचा कीस पाडला ती नियम विचारते म्हणजे थट्टाच की! ते हसत आत गेले.

आणखी एका बुधवारी त्या म्हणाल्या, "आज इथेच बसा ना. माझ्याबरोबर बघा जरा."

"छे छे," चौकोनराव म्हणाले. "मग तपासणी कसली? तूच म्हणतेस ना?"

"शेजारी मोजताना हरवतात हो माझे."

"चष्म्याचा नंबर वाढलाय. उद्याच जाऊ."

आणि दुसऱ्या दिवशी खरंच गेले. नवा चष्मा झाला, फ्रेमही काकूंना शोभेल अशी निवडली. पुढच्या बुधवारी नव्या चष्म्यातून पुन्हा हाक आली, "दोन आहेत." चौकोनराव आतून ओरडले, "शाब्बास!"

मे महिन्यात मुलगी आठ दिवस राहायला आली. ती दुसऱ्या शहरात शाळेत विज्ञान शिकवते. आईबापांच्या या खेळाचा तिला लहानपणापासून कंटाळा. बुधवारी संध्याकाळी घरात तिच्याकडे लक्ष द्यायला कोणी नसायचं, हे ती अजून विसरलेली नाही. पण एका दुपारी आई झोपलेली, बाहेर ऊन, वाचायला काही नाही, म्हणून तिने ती जाड फाइल ओढली आणि वरचाच कागद घेऊन आईने दिलेला काल पुढे चालवून बघितला. काल हातात असला की आज काढणं शाळकरी पोराचं काम, दहा मिनिटांचं. तिला आज मिळाला तो कागदावरचा आज नव्हताच. तिला वाटलं, आपलंच चुकलं. पुन्हा केलं. मग दुसरा कागद घेतला, मग तिसरा.

चौकोनराव पाणी प्यायला उठले तेव्हा ती टेबलाशी पाच-सहा कागद पसरून बसली होती. तिने आवाज खाली ठेवून विचारलं, "बाबा, आईची ही उत्तरं तुम्ही कधी पुढे चालवून बघितलीत?"

"त्याची काय गरज? तिचं कधी चुकत नाही."

"बसा इथे."

ते बसले. पहिला कागद त्यांनी आढ्यतेनेच हातात घेतला. तिसऱ्या घरापाशी त्यांचं बोट थांबलं. त्यांनी पुन्हा मोजलं, मग पेन्सिल बदलली, जणू पेन्सिलीची चूक असावी. मग दोघं बापलेक एकेक कागद मागे मागे जात तपासत राहिले. सगळी चौकट करायची गरज नव्हती, एक चुकलेलं घर सापडलं की पुरे, आणि ते लगेच सापडत होतं. अगदी वरच्या, गेल्याच आठवड्यातल्या कागदावर आकडा अकरा होता. काकूंनी पहिल्या ओळीतली सहाच्या सहा घरं भरली होती आणि दुसरीतली पाच. अकरा हवी होती, अकरा भरली. टीप घालत जावी तशी, एका टोकापासून. हा कागद आपण तारीख टाकून फायलीत लावला, लावताना शाब्बास म्हणालो, आणि त्याच्याकडे नजरसुद्धा टाकली नाही, हे चौकोनरावांच्या आत्ता ध्यानात आलं.

जसजसं मागे जावं तशी चूक लहान होत गेली. आधी अर्धी चौकट, मग एक ओळ, मग दोन घरं, मग काठावरच्या एकाच घराचा एकच शेजारी. त्रेचाळीस कागद चुकलेले निघाले. चव्वेचाळिसावा बरोबर होता, देखणा होता, काकूंच्या हातचा होता. त्यानंतरचा पहिला चुकलेला कागद मागच्या वर्षीच्या मार्चमधल्या दुसऱ्या बुधवारचा.

आत काकू जाग्या झाल्याचा आवाज आला. मुलीने कागद गोळा केले, डोळे पुसले आणि म्हणाली, "आईला यातलं काही सांगायचं नाही. आपण आधी डॉक्टरांकडे जाऊ."

डॉक्टरांनी काकूंना कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, तीन वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. काकू लाजून हसत होत्या, परक्या घरी जेवायला बसल्यासारख्या. मग त्यांना बाहेर बसवून डॉक्टरांनी विचारलं, "साधारण कधीपासून आहे हे? बहुतेक घरच्यांना नक्की सांगता येत नाही."

"मला येतं," चौकोनराव म्हणाले, आणि त्यांनी तारीख सांगितली.

डॉक्टरांनी ती कागदावर लिहून घेतली. मग म्हणाले, "तेव्हाच आला असतात तर गोळ्यांनी वेग थोडा कमी झाला असता. कदाचित. आजार थांबला नसता." भले गृहस्थ होते, 'कदाचित'वर त्यांनी मुद्दाम जोर दिला. पण चौकोनरावांना तो शब्द ऐकूच गेला नाही. घरी येताना सगळा रस्ता ते मनात बुधवार मोजत होते.

मुलगी रजा वाढवून आणखी आठ दिवस राहिली आणि मग तिला जावंच लागलं. घरात दोघंच उरली. चौकोनरावांना आता जगात एकच गोष्ट हवी होती, बायकोला कळतंय तोवर तिची माफी मागायची. म्हणायचं, की त्रेचाळीस वेळा तू कागद माझ्या हातात दिलास आणि मी बघितला नाही. पण हे म्हणायचं तर तुझी उत्तरं चुकली हेही म्हणावं लागणार. आयुष्यभरात ज्या एका गोष्टीत ती नवऱ्याच्या वरचढ होती तीच तिच्या हातून काढून घ्यायची, आणि तीही आपलं मन हलकं करायला? मुलगी बजावून गेली होती, सांगू नका. आणि न सांगावं तर एके दिवशी सांगायला समोर कोणी उरणार नाही. या कात्रीत त्यांनी पाच महिने घालवले. माझं विचाराल तर मी त्यांना कधीच सांगितलं असतं, बोला आणि मोकळे व्हा. पण मला कोणी विचारलं नाही, आणि बायको माझी नव्हती.

बुधवार मात्र चालूच होते. चौकोनराव कागद ठेवत, आता चार बाय चारची चौकट, त्यात तीन-चार घरं. काकू बटणं मांडत. कधी ती रंगाने लावत, कधी लहानापासून मोठी, कधी नुसती मुठीत धरून खिडकीबाहेर बघत बसत. मग हाक देत, "दोन आहेत." आणि आतून चौकोनराव म्हणत, "शाब्बास." एके बुधवारी हे म्हटल्यावर ते भिंतीला कपाळ टेकवून रडले, आणि बाहेर येताना तोंड धुऊन आले.

वर्तमानपत्राला त्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवून कोडं बंद केलं. कारण दिलं नाही. पानवाल्या बाईंनी त्या जागी दुसऱ्या कोणाचं तरी शब्दकोडं सुरू केलं. तीन वाचकांनी चौकशी केली, मग तीही थांबली.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी काकू उठल्या त्याच अगदी जुन्या काकूंसारख्या. अशा सकाळी अधूनमधून येत. त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली, खिडकीतलं झाड बघून त्याला पाणी कमी पडतंय म्हणाल्या, चौकोनरावांच्या सदऱ्याचं निसटायला आलेलं बटण बघून सुईत दोरा ओवला. पहिल्याच झटक्यात ओवला. चौकोनराव सदरा अंगात घालूनच समोर उभे राहिले, काकू बटण लावू लागल्या. इतक्या जवळ उभं असताना त्यांना धीर आला, किंवा धीर संपला म्हणा.

"अगं, एक सांगायचंय."

"हलू नका, सुई लागेल."

"तू ती उत्तरं द्यायचीस ना, दोन आहेत म्हणून. मी ती कधी तपासली नाहीत."

"माहीत आहे मला."

"ती..." चौकोनरावांनी नजर सुईवर ठेवली. "ती चुकत होती गं. वर्षभर."

काकूंचा हात थांबला नाही. त्यांनी टाका घेतला, दोरा ओढला.

"मला कळत नव्हतं चुकतंय की बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तेच तर कळत नव्हतं. शेजारी मोजले की एकदा पाच यायचे, पुन्हा मोजले की तीन. कुठलं खरं? मग म्हणायचे, दोन आहेत. म्हटलं, सुटलं म्हणाले तर तुम्ही तुमचं उत्तर आणून शेजारी लावाल, आणि चारचौघांत हसाल. पण दोन आहेत म्हटलं तर कधीतरी वचन विसरून एकटे बसून पडताळाल. मग तुम्हाला कळेल. मला सांगावं लागणार नाही."

सुई बटणातून पुन्हा वर आली.

"दर बुधवारी वाट बघायचे," काकू म्हणाल्या. "आज बघतील, आज बघतील. तुम्ही आतून शाब्बास म्हणायचात. मग मला वाटायचं, असेल बाई बरोबर. आपल्यालाच उगाच भीती वाटते."

"सरळ का नाही बोललीस मला?"

"इथे बसा म्हटलं होतं की एकदा." हे त्यांनी तक्रारीने म्हटलं नाही. बाजारातून काय आणायचं राहिलं हे सांगावं तसं म्हटलं. मग वाकून दाताने दोरा तोडला, आणि बटण लागलं.

"मला माफ कर," चौकोनराव म्हणाले. हे तीन शब्द काढायला त्यांना पाच महिने लागले होते, आणि ते इतके हळू निघाले की त्यांना स्वतःलाच शंका आली की निघाले की नाही. काकूंनी त्यांच्याकडे वर बघितलं. काहीतरी बोलणार होत्या, ओठ हललेही. मग म्हणाल्या, "चहा टाका ना जरा. घसा सुकला."

चौकोनराव स्वयंपाकघरात गेले. आधण ठेवलं. पाणी उकळेपर्यंतच्या त्या चार मिनिटांत त्यांनी सगळं मनात जुळवलं, आता काय बोलायचं, कसं बोलायचं, पायांपाशी बसूनच बोलायचं. कप घेऊन बाहेर आले तर काकू खुर्चीत नीट सावरून बसल्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि अदबीने म्हणाल्या, "तुम्ही कशाला त्रास घेतलात? आमचे हे येतीलच आता ऑफिसातून."

माफी मिळाली की नाही हे चौकोनरावांना शेवटपर्यंत कळलं नाही. पुन्हा विचारायची सोयही राहिली नाही, कारण तशी सकाळ पुन्हा आली नाही.

आता काकू फारसं बोलत नाहीत. बोलल्या तर काहीबाही बोलतात. शेजारपाजारचे म्हणतात, हो ला हो करा, म्हणजे झालं. मुलगीही फोनवर तेच सांगते, "बाबा, आईशी वाद घालू नका, हो म्हणून सोडून द्या." चौकोनराव हो म्हणत नाहीत. काकू म्हणाल्या की नळ चालू राहिलाय, तर ते जाऊन नळ बघून येतात. कोणाचं तरी मूल रडतंय म्हणाल्या, तर खिडकी उघडून ऐकतात. खाली दारात माणूस उभा आहे म्हणाल्या, तर गुडघे धरत तीन जिने उतरतात, फाटक उघडतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघतात, आणि पुन्हा तीन जिने चढून येऊन दम लागलेल्या आवाजात सांगतात, "बघून आलो. कोणी नाही." काकू मान हलवतात. थोड्या वेळाने पुन्हा म्हणतात, खाली माणूस उभा आहे. आणि चौकोनराव पुन्हा चपला घालतात.